रातांबे फोडण्याचे यंत्र कोणापुढे कसे मांडावे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यात राहतो. आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केल्यानंतर काही वर्षे गोव्यात नोकरी केली आणि आता गावीच दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवतो. आमच्या घरी दरवर्षी आमसुले करतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून साल आणि बिया वेगळ्या करण्यात घरातल्या बायकांचे दिवसच्या दिवस जातात, हे पाहून मी हाताने चालणारे एक यंत्र तयार केले आहे. गेल्या वर्षभरात ते मी एका फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या मालकांना, बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना, एका कृषी शास्त्रज्ञांना, शेती अवजारांच्या दुकानदारांना आणि कोकमाचे आगळ व सरबत तयार करणाऱ्या एका कारखानदारांना दाखवले. सर्वांना तीच माहिती दिली आणि तेच माहितीपत्रक दिले, त्याची प्रत सोबत जोडत आहे. प्रत्येकाने ‘छान आहे’ असे म्हटले, चहा दिला, पुढे मात्र काहीच घडले नाही. दोष यंत्रात आहे की माझ्या सांगण्यात?
— एक वाचक, तालुका कुडाळ

उत्तर : आपले चार पानी माहितीपत्रक मी दोनदा वाचले. त्यातले पहिले दीड पान ही कल्पना आपल्याला कशी सुचली, त्यासाठी किती रात्री जागून काढल्या आणि आजवर असे यंत्र कोणीच केलेले नाही, याविषयी आहे. यंत्र तासाला किती किलो रातांबे फोडते हा आकडा तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे आणि यंत्राची किंमत किती पडेल हे कोठेच नाही. यंत्रात दोष आहे की नाही हे मला येथे बसून सांगता येणार नाही. सांगण्यात मात्र आहे, आणि तो असा की हे पत्रक आपण स्वतःच्या समाधानासाठी लिहिले आहे, वाचणाऱ्याच्या गरजेसाठी नाही.

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची रीत नाही, त्यामुळे ‘छान आहे, बघूया’ हा नकारच आहे असे समजून चालावे. वाईट नकाराचे वाटत नाही. नकार नेमका कशाला होता हे न विचारता आपण पाचही ठिकाणांहून परतलात, याचे वाटते. त्या पाच जणांपैकी आपले गिऱ्हाईक फार तर दोघे होते. वर्कशॉपवाल्यांकडून आपल्याला खर्चाचा अंदाज हवा होता, शास्त्रज्ञांकडून चाचणी हवी होती, बँकेकडून कर्ज हवे होते. तरीही आपण पाचही जणांना यंत्र विकायला गेल्यासारखे बोललात, आणि ज्याला विकत घ्यायचे नाही तो माणूस अशा वेळी कौतुक करून मोकळा होतो.

वर्कशॉपपासून सुरुवात करू, कारण तेथली भाषा आपल्याला येते. फॅब्रिकेटरला आपली कल्पना किती नवी आहे याच्याशी कर्तव्य नसते. कोणता पत्रा, किती गेजचा, कोणत्या भागाच्या मापात किती सूट चालेल आणि नग किती, एवढे चार प्रश्न त्याच्या डोक्यात असतात. मापे घातलेले ड्रॉइंग नसेल, तर तो नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहतो आणि विषय बदलतो. आपल्या यंत्राच्या बाबतीत धातूचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. रातांब्याचा रस आंबट, आमसुलांसाठी त्यात पडणारे मीठ आणि वर आपली खारी हवा, या तिन्हींपुढे साधे लोखंड टिकत नाही आणि रसाला काळपट झाक येते ती वेगळीच. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील सर्वत्र मिळते, पण मिठामुळे त्यावर कालांतराने बारीक खड्डे पडू शकतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ती अशा ठिकाणी अधिक टिकते, मात्र महाग पडते. तेव्हा ‘रस लागणारे भाग ३१६ चे आणि सांगाडा गॅल्व्हनाइज्ड अँगलचा केला तर एका नगाला किती आणि पन्नास नगांना किती?’ असे विचारावे. असा प्रश्न आला की वर्कशॉपवाला कागद-पेन्सिल काढतो. बरोबर लहानमोठे दहा-पंधरा रातांबेही न्यावेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण हातीस’ या कोकमाच्या जातीचे फळ ‘कोकण अमृता’पेक्षा बरेच मोठे असते, आणि गावठी झाडांच्या फळांना तर एकसारखे माप असे नसतेच. फळ कोठे अडकते हे आपण लपवले तरी त्याच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून ते आपणच आधी दाखवावे.

कृषी शास्त्रज्ञांपुढे ‘असे यंत्र कोणीच केलेले नाही’ हे वाक्य बोलूच नये. त्यांनी तशी दोन-तीन तरी पाहिलेली असतात. त्यांना वही दाखवावी : कोणत्या तारखेला, किती किलो, किती वेळात, किती बिया कापल्या गेल्या, किती सालींचे तुकडे झाले, आणि त्याच दिवशी तेवढीच फळे हाताने फोडायला किती वेळ लागला. अशा किमान तीन दिवसांच्या नोंदी असल्याशिवाय जाऊ नये. बिया कापल्या जातात की नाही ही बाब आपल्याला किरकोळ वाटत असेल, पण कोकमाचे तेल त्याच बियांतून निघते. आपला फायदा एका वाक्यात कसा सांगावा याचा नमुना दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’त, म्हणजे आंबे उतरवण्याच्या अवजारात, आहे : देठासकट आंबा उतरतो, त्यामुळे चीक फळावर ओघळत नाही. आंबा बागायतदाराला याच्यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. आपल्या यंत्राचे असे वाक्य कोणते, याचा विचार करा. पत्रकात मला ते सापडले नाही. शास्त्रज्ञांकडे जाताना मागणीही नेमकी असावी. ‘आपले मत द्या’ या विनंतीला मत मिळते आणि भेट संपते. ‘येत्या हंगामात आपल्या केंद्रावर याची चाचणी घेता येईल का, आणि त्यासाठी काय करावे लागेल?’ असे विचारल्यास उत्तरादाखल निदान अर्जाचा नमुना तरी हाती पडतो.

बँकेच्या बाबतीत मी स्वतः एकदा फजिती करून घेतली आहे. तरुणपणी मसाला दळण्याच्या एका यंत्राचे ड्रॉइंग घेऊन मी एका शाखाधिकाऱ्यांपुढे अर्धा तास दातेरी चाकांचे गुणोत्तर समजावून सांगत बसलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एकच विचारले, ‘हप्ता कोणत्या महिन्यात भरणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याला तर हा प्रश्न जास्तच बोचणार आहे, कारण रातांब्याचा हंगाम साधारण एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंतचा, आणि यंत्रांची विक्री त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत होणार. बाकीचे महिने दुरुस्तीच्या दुकानाचे उत्पन्न चालू राहील हे आपले बलस्थान आहे आणि पत्रकात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. बँकेत यंत्र नेण्याची गरज नाही. वर्कशॉपचे दरपत्रक, दुकानदारांची किंवा कारखानदारांची लेखी मागणी आणि महिनावार जमाखर्चाचा कागद न्यावा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा विचार असेल, तर २०२२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पखर्चाची मर्यादा ५० लाख रुपये आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के व विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान असून स्वतःचे भांडवल अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागते. हे अनुदान रोख हातात पडत नाही, ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने राहते. हे माहीत नसलेले अर्जदार शाखाधिकाऱ्यांना रोज भेटत असतात. आपण त्यांपैकी नाही, एवढे पहिल्या पाच मिनिटांत कळले तरी पुष्कळ झाले. चालू वर्षीचे नियम मात्र जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत.

दुकानदारांविषयी थोडक्यात. त्यांना मार्जिन, सुटे भाग आणि तक्रार आल्यास दुरुस्तीला कोण येणार, एवढेच हवे असते. फिटर असलेला माणूस स्वतः यंत्र विकतो आहे आणि तालुक्यात कोठेही येऊन दुरुस्त करून देणार आहे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने यंत्राच्या कोणत्याही गुणापेक्षा मोठी. मे महिन्यात जाऊ नका, तेव्हा त्यांना बोलायला फुरसत नसते. जानेवारीत जावे, दोन नग विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर ठेवावेत आणि खोक्याचे माप आधी सांगावे, कारण कोकणातल्या दुकानात जागेची टंचाई मालाच्या टंचाईपेक्षा मोठी असते.

आता खरे गिऱ्हाईक. कारखानदारांना आपण यंत्र त्यांच्या कार्यालयात दाखवलेत असे पत्रावरून दिसते. ते शेडमध्ये दाखवायला हवे होते. काही वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातील एका शेडमध्ये अशाच एका यंत्राचे प्रात्यक्षिक मी पाहिले. संशोधक मालकांशी बोलत होते. पाटावर बसून फळे फोडणाऱ्या बायकांपैकी एका वयस्कर बाईंनी हात पदराला पुसला, टोपलीतला एक रातांबा उचलला आणि तो देठाची बाजू खाली करून यंत्रात ठेवला. दांडा दाबताच फळ सटकले आणि रस थेट मालकांच्या सदऱ्यावर उडाला. सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पात्याखालच्या फटीत बोट घालून पाहिले आणि विचारले, ‘ह्या धुवचा कसा?’ संशोधकांनी पाते काढण्यासाठी पाना शोधायला सुरुवात केली, आणि माझ्या मते ते यंत्र तेथेच संपले. दिवसातून तीन-चारदा धुवावे लागणारे यंत्र पान्याशिवाय उघडत नसेल, तर त्याचा वेग कितीही असो, चौथ्या दिवशी ते कोपऱ्यात जाते. मालक पैसे देतो हे खरे, पण त्याचा निर्णय त्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून होतो. तेव्हा मालकांना किलोमागे मजुरीचा हिशेब सांगावा, आणि बायकांना काहीही न सांगता यंत्र त्यांच्या हाती देऊन गप्प बसावे. यंत्र आल्यावर आपले काम जाईल ही भीती त्यांच्या मनात असणारच. मालकांच्या समोर ती त्या बोलून दाखवणार नाहीत, म्हणून त्यांची वेगळी भेट घ्यावी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. नांगरात खोट नव्हती. शेतकऱ्याच्या मनात जी शंका होती, तिला नांगराची ताकद सांगून उत्तर मिळत नव्हते.

पत्रकाचे म्हणाल तर ते बाजूला ठेवा आणि प्रत्येकासाठी एकेक पान लिहा. रात्री जागल्याचा मजकूर कोठेच नको. तो घरच्यांना माहीत आहे. याशिवाय गांधीनगरची राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही २००० साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आपल्यासारख्या संशोधकांना चाचणी आणि पेटंटसाठी साहाय्य करते. तेथेही नोंदींची वहीच उपयोगी पडेल. पेटंटविषयी खाली तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे. ते वाचून होईपर्यंत यंत्राचा व्हिडिओ कोणालाही पाठवू नये.

प्रश्न : मी रत्नागिरीत रेफ्रिजरेशन दुरुस्तीचे काम करतो. मच्छीमार नौकेवर बर्फ अधिक काळ टिकावा म्हणून इन्सुलेशन केलेल्या खोक्याची नवी रचना केली आहे. मिरकरवाडा बंदरावर नौकामालक म्हणतात की तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारा, तांडेल म्हणतात की मालकांनी घेतले तर ठेवू. या दोघांत मी फिरतो आहे. कोणाशी बोलावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोघांशी, पण वेगवेगळे. आणि ज्याला आपण विसरलात त्या खलाशाशीही. मालक बर्फाचे आणि डिझेलचे बिल भरतो, म्हणून त्याला फेरीमागे किती बर्फ वाचतो ते सांगावे. तांडेलाला बिलाशी फारसे देणेघेणे नसते. खोके नौकेवर कोठे बसेल, जाळे ओढताना आडवे येईल का आणि समुद्र खवळला तर सरकेल का, हे तो पाहतो. त्याच्याशी बोलताना खोक्याची मापे आणि बांधायच्या कड्या यांपलीकडे जाऊ नये. भरलेले खोके उचलणार तो खलाशी. त्याला एकट्याला किंवा दोघांना ते उचलता येत नसेल, तर पहिल्याच फेरीत त्याचे झाकण ‘चुकून’ समुद्रात पडते, असा माझा अनुभव आहे.

वेळेचाही विचार करावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका ओढून ठेवलेल्या असतात, जाळी विणण्याचे आणि डागडुजीचे काम चालू असते आणि तांडेलाला दोन घटका बसून बोलायला सवड असते. मापे घ्यायला आणि कड्या बसवायला हाच काळ चांगला. प्रत्यक्ष चाचणी मात्र हंगाम सुरू झाल्यावरच होईल. त्या वेळी एकाच नौकेवर एक जुने आणि एक आपले अशी दोन खोकी ठेवून दोन्हींत तोच मासा आणि वजन करून तेवढाच बर्फ घालावा. परत आल्यावर उरलेला बर्फ बंदरावरच्या काट्यावर सर्वांच्या देखत तोलावा. हे लिलावाच्या आधी करावे, कारण व्यापारी कल्ले आणि डोळे पाहूनच बोली लावतात. आपल्या खोक्यातल्या माशाला किलोमागे चार रुपये जास्त मिळाले, तर मालकांशी बर्फाचा हिशेब बोलण्याची गरजही उरणार नाही. जास्त मिळाले नाहीत, तर मग बर्फाचाच हिशेब बोलावा लागेल आणि तेव्हा काट्यावरचा आकडा हाताशी असेल.

प्रश्न : मी दापोलीत पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. फणसावर थाप मारून येणाऱ्या आवाजावरून तो तयार झाला आहे की नाही हे सांगणारे एक छोटे उपकरण आम्ही दोघी मैत्रिणींनी तयार केले आहे. पुढच्या महिन्यात महाविद्यालयात प्रदर्शन आहे. तेथे परीक्षक, उद्योजक आणि पत्रकार येणार आहेत. त्यांना सर्व काही सांगावे का? पेटंटसाठी वकिलांना भेटायचे असल्यास काय तयारी करावी?
— एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : क्रम उलटा करावा : आधी पेटंट एजंट, म्हणजे पेटंटचे अर्ज करून देणारे नोंदणीकृत जाणकार, नंतर प्रदर्शन. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे शोध अर्जाच्या तारखेपूर्वी सार्वजनिक झालेला नसावा लागतो. प्रदर्शनासाठी कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच लागू होते. महाविद्यालयातील प्रदर्शनाला तिचा आधार घेता येईल असे समजू नये. मोबाइलवर टाकलेली चित्रफीतही प्रसिद्धीच ठरते. यावर सोपा उपाय म्हणजे तात्पुरत्या तपशिलाचा, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज आधी दाखल करणे. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, एजंटांची फी वेगळी. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील दाखल करावा लागतो आणि ही मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. महाराष्ट्रातील अर्ज पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेकडे जातात. पेटंट मिळाले तर त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

एजंट नोंदणीकृत आहेत का हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते. त्यांच्यापुढे आपली बाजू रंगवून मांडू नये. वैद्याला दुखणे सांगावे तसे सर्व सांगावे : काय जमले, काय फसले, आणि विशेषतः असेच काही आणखी कोठे पाहिले किंवा वाचले असेल तर तेही. जे आपण लपवाल ते परीक्षणाच्या वेळी बाहेर येईल आणि तोवर पैसे खर्च झालेले असतील. शेतीची पद्धत किंवा निव्वळ संगणक प्रणाली यांना आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. म्हणून थाप देणारा भाग, आवाज टिपणारा भाग आणि त्यांची जुळणी यांत नवे काय आहे, हे आकृतीसह लिहून न्यावे. उपकरण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि त्यांच्या साहित्याने केले असेल, तर मालकी कोणाची याविषयी संस्थेचे धोरण प्राचार्यांना लेखी विचारावे. अर्जावर दोघींचीही नावे संशोधक म्हणून घालावीत. मैत्री आहे म्हणून हे काम मागे टाकू नये.

प्रदर्शनात परीक्षकांना चुकीचे निकाल किती आले तेही सांगावे. शंभरापैकी किती फणस कापून पाहिले आणि किती वेळा उपकरण चुकले, हे ऐकल्यावरच त्यांचा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. कापा (घट्ट गऱ्यांचा) आणि बरका (मऊ गऱ्यांचा) फणस यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण हा प्रश्न कोकणातला परीक्षक विचारणारच. उद्योजकांना उपकरणाची अंदाजे किंमत सांगावी आणि त्यांचा फणस कोठे जातो हे विचारावे. गरे तळणाऱ्याला न पिकलेला फणस हवा असतो आणि फणसपोळीवाल्याला पिकलेला, त्यामुळे एकाच उपकरणाविषयी दोघांशी दोन निरनिराळ्या गोष्टी बोलाव्या लागतील. पत्रकारांना फणस द्यावा, थाप मारायला सांगावे, आणि छायाचित्र काढू द्यावे. तोपर्यंत अर्ज दाखल झालेला नसेल, तर उपकरणाचे झाकण स्क्रूने बंद करून स्क्रूड्रायव्हर घरी ठेवावा.